आमच्या पांढरीचा इतिहास आम्हाला मराठीत वाचायला मिळावा : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातून हे पत्र लिहीत आहे. गावच्या वाचनालयाचं काम मी बघतो. मागणी एकच आहे. विदर्भात जिथे उत्खनन झालं, त्या प्रत्येक ठिकाणचं अभ्यासपूर्ण पुस्तक मराठीत निघावं आणि ते त्या गावापर्यंत पोचावं.

आमच्याच तालुक्यात आडम आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अमरेंद्र नाथ यांनी १९८८ ते १९९२ या काळात तिथे उत्खनन केलं. तटबंदीचं नगर उजेडात आलं, सातवाहन काळाचे थर लागले आणि ‘असक जनपद’ (म्हणजे अश्मक हे प्राचीन राज्य) असा उल्लेख असलेली मुद्रा मिळाली. मांढळही इथलंच. तिथे विदर्भावर राज्य केलेल्या प्राचीन वाकाटक राजांचे ताम्रपट आणि मूर्ती सापडल्या. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताचे पती राजे दुसरे रुद्रसेन, त्यांचा ताम्रपट त्यातलाच. एवढी मोठी गोष्ट, पण मांढळच्या बाजारात दर आठवड्याला जाणाऱ्या माणसाच्या ती कानावरही नसते.

उन्हाळ्यात जुन्या रिठावरची, म्हणजे उठून गेलेल्या गावाच्या जागेवरची, पांढरी माती ट्रॅक्टरने वावरात नेऊन टाकतात. पीक चांगलं येतं म्हणून बापजाद्यांपासून हे चालत आलेलं आहे. त्या मातीतून खापरं निघतात, कधी एखादा मणी निघतो. मागच्या उन्हाळ्यात सातवीतली एक मुलगी असा मणी घेऊन वाचनालयात आली. लाल अकीकाचा, वाटाण्याएवढा, आरपार बारीक भोक पाडलेला. भोकाच्या आत अजून माती चिकटलेली होती. ‘काका, एवढ्या कडक दगडाला इतकं बारीक भोक कसं पाडलं असंल?’ तिने विचारलं. नागपूरजवळच्या माहूरझरीला प्राचीन काळी असे मणी घडवले जात, त्यांचा तपशीलवार अभ्यास झालेला आहे. पण तिच्या हातात देता येईल असं मराठी पुस्तक आमच्या कपाटात नव्हतं.

साहेब, आमच्या विद्वानांनी काम केलं नाही असं मुळीच नाही. कौंडिण्यपूरच्या उत्खननाचा अहवाल १९६८ साली छापला गेला. टाकळघाट-खापा १९७०, पवनीचा स्तूप १९७२, माहूरझरी १९७३. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्यासारख्या माणसांनी इथल्या उन्हात राबून हे उभं केलं. पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडला लोखंड गाळायची प्राचीन भट्टी सापडली, भात्याच्या नळ्यांसकट. पण हे अहवाल इंग्रजीत, आणि आता ते दुकानात मिळत नाहीत. मोठ्या शहरातल्या संदर्भ विभागात बसून वाचायचे. कुहीहून, पवनीहून, पारशिवनीहून रोजी बुडवून कोण जाणार?

मराठीत हे जमत नाही, असंही कोणी म्हणू नये. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी वाकाटकांवरचं पुस्तक १९५७ मध्ये मराठीत लिहिलं. त्यांचाच वाकाटकांच्या ताम्रपटांचा इंग्रजी महाग्रंथ १९६३ चा, म्हणजे नंतरचा. आधी आपल्या माणसांना सांगितलं, मग जगाला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

नवं संशोधनही जोरात आहे. आपल्याच पुरातत्त्व संचालनालयाने डेक्कन कॉलेजसोबत २०१५ ते २०१८ मध्ये रामटेकजवळच्या नगरधनला उत्खनन केलं. प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. बाभूळगाव तालुक्यातल्या पाचखेडला नागपूर विद्यापीठाने लोहयुगातली वस्ती शोधली, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. पेपरात दोन दिवस बातमी येते, फोटो येतो, मग सगळं शोधनिबंधांत जातं.

याचा थेट संबंध या जागा टिकण्याशी आहे. नागपूरच्या आजूबाजूची शिलावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनांभोवती गोल मांडलेले दगड, मुरमासाठी, प्लॉटसाठी, नांगरटीत जात आहेत. प्राचीन स्तूप सापडलेलं बुलडाण्यातलं भोन जिगाव धरण प्रकल्पाच्या पाण्याच्या सावटाखाली आहे. धुऱ्यावरचे गोल मांडलेले दगोटे कोणाच्या तरी मूठमातीचे आहेत, हे ठाऊक असलेला शेतकरी ते उचलताना दहांदा विचार करील. ठाऊक नसलेल्याला आपण कोणत्या तोंडाने दोष देणार? संरक्षित स्मारकाची निळी पाटी दंडाची भीती घालते. तिथे काय सापडलं, हे ती सांगत नाही.

म्हणून विनंती आहे. जुने अहवाल पुन्हा छापा आणि सोबत त्यांचा मराठी अवतार काढा. नकाशे, खापरांची चित्रं, थरांचे छेद त्यातून गाळू नका. सोपं करायचं म्हणून पोकळ केलेली पुस्तिका आम्हाला नको, गावातला वाचक तेवढा कच्चा नाही. यापुढे राज्याच्या पैशाने होणाऱ्या प्रत्येक उत्खननाच्या परवानगीतच मराठी पुस्तकाची अट घाला आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा. ही पुस्तकं शासनमान्य ग्रंथांच्या यादीत घ्या, म्हणजे ‘ड’ वर्गाच्या, सगळ्यात लहान वाचनालयालाही अनुदानातून ती घेता येतील. उत्खनन झालेल्या गावच्या ग्रामपंचायतीला आणि जिल्हा परिषद शाळेला मात्र प्रत मोफत जावी.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. भाषांतराचं काम तिथल्या प्राध्यापकांकडे आणि इथल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडे सोपवता येईल.

सुरुवात आडम, मांढळ आणि पवनी या तीन पुस्तकांनी करावी, अशी आमची सूचना आहे. प्रस्ताव आपल्या विभागाकडे द्यायचा की मराठी भाषा विभागाकडे, एवढं लेखी कळवावं. आम्ही तालुक्यातल्या वाचनालयांच्या सह्यांनिशी तो पाठवू.

कळावे,
आपला,
एक वाचनालय कार्यकर्ता,
ता. कुही, जि. नागपूर