आल्प्सच्या यादीत महिनाही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या परीक्षा आटोपल्या आणि जळगाव-भुसावळ तापू लागलं की इथली बरीच कुटुंबं स्वित्झर्लंडची तिकिटं काढतात. त्याच सुमारास वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत 'पाहायलाच हवीत' अशा स्थळांच्या याद्याही येतात. त्यांत नावं बरोबर असतात, पण कुठल्या नावापुढे महिना नसतो. आपल्याकडची मोठी सुट्टी मेमध्ये, आणि आल्प्समध्ये मे म्हणजे दोन हंगामांच्या मधला काळ. बर्फावरचे खेळ संपलेले असतात, उन्हाळी पायवाटा उघडलेल्या नसतात. एप्रिल-मे आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या बऱ्याच केबलकार वार्षिक तपासणीसाठी बंद ठेवतात. फुर्का, ग्रिम्सेल आणि सुस्टेन हे घाट बर्फ काढून मोकळे व्हायला मेअखेर किंवा जून उजाडतो. शिनिगे प्लाटे या डोंगरावर चढणारी जुनी दातेरी रेल्वेही जूनमध्येच सुरू होते. म्हणून हॉटेल ठरवण्याआधी प्रत्येक रोपवेच्या संकेतस्थळावर त्या तारखेचं वेळापत्रक उघडून पाहावं. सहल कंपनीच्या पत्रकावर विसंबू नये.

मेमध्ये हमखास चालू असणारं मोठं नाव म्हणजे युंगफ्राउयोख, बर्फाळ खिंडीतलं रेल्वेस्थानक, उंची ३,४५४ मीटर. १९१२ साली पूर्ण झालेली तिथली रेल्वे आयगर आणि म्योंख या पर्वतांच्या पोटातून जाते. २०२० च्या डिसेंबरपासून ग्रिंडेलवाल्ड गावाहून आयगर एक्सप्रेस ही केबलकार १५ मिनिटांत आयगरग्लेचर स्थानकाला पोचवते. तिथून पुढे गाडी. सोय झाली खरी, पण शरीराला मिळणारा वेळ मात्र कमी झाला. पायथ्याचं इंटरलाकेन शहर साधारण ५७० मीटरवर, म्हणजे दोनेक तासांत जवळपास तीन हजार मीटरची चढण. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच उरतो. डोकं जड होणं, मळमळणं, जिना चढताना धाप लागणं ही त्याची लक्षणं. वर पोचताच बर्फात धावाधाव करू नये. बसावं, पाणी प्यावं, आणि बरं वाटलं नाही तर पुढच्याच गाडीने खाली यावं. हृदयाचा किंवा श्वसनाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गॉगल हवाच, बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना सोसत नाही.

पैसे वाया जातात ते ढगांमुळे. वरचा कॅमेरा इंटरनेटवर थेट दिसतो. सकाळी उठून तो पाहावा आणि मगच तिकीट काढावं. दुपारी ढग चढतात, म्हणून पहिल्या गाड्या बऱ्या. ठरावीक तारखेच्या बससहलीत हे करता येत नाही, आणि धुक्याचे फोटो घेऊन परतणारे बहुतेक त्यातलेच. एका खोऱ्यात तीन-चार रात्री मुक्काम ठेवला, तर चांगला दिवस निवडता येतो.

ढगाळ दिवसाला लाउटरब्रुनेन खोरं. श्टाउबबाख धबधबा जवळपास ३०० मीटर उंचीवरून सुटतो. शेजारी ट्र्युमेलबाखचे दहा धबधबे डोंगराच्या आत आहेत. हिमनद्यांचं हे पाणी भर मोसमात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत जातं. आत ओलं आणि गार असतं, त्यामुळे रबरी तळव्याचे बूट घालावेत. चार वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. इंटरलाकेनमध्ये ओस्ट आणि वेस्ट अशी दोन स्थानकं आहेत, या खोऱ्याची गाडी ओस्टवरून सुटते. ती त्स्वाइल्युचिननला दुभंगते: अर्धे डबे लाउटरब्रुनेनला, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. भुसावळकरांना डबे जोडणं-तोडणं सांगायला नको, पण डब्यावरची पाटी वाचूनच चढावं.

याद्यांत न चुकता असणारी बेर्निना एक्सप्रेस ही रेल्वेगाडी खरोखर सुंदर आहे. २००८ पासून हा मार्ग जागतिक वारशात आहे. लांडवासरचा ६५ मीटर उंच दगडी पूल, ब्रुसिओचा वर्तुळाकार रेल्वेपूल, २,२५३ मीटरवरचं ओस्पित्सिओ बेर्निना स्थानक आणि शेवटी इटलीतलं तिरानो. मात्र मोठ्या काचांच्या त्या गाडीला आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. त्याच रुळांवरून साध्या प्रादेशिक गाड्याही धावतात. आरक्षण लागत नाही, काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, फोटोत काचेची चमक येत नाही. सांक्ट मोरिट्सला गाडी बदलावी लागते, एवढंच.

पासबाबतही गैरसमज आहे. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये रेल्वे, बस, बोटी येतात, रिगी डोंगर पूर्ण येतो. पण युंगफ्राउयोखसाठी पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो, पुढे २५ टक्के सूट. हाफ फेअर कार्डावर तिथलं तिकीट निम्म्या दरात मिळतं. दोन-तीन मोठे डोंगर करायचे असतील, तर आधी दोन्हींचा हिशेब कागदावर मांडावा.

सामानात तूप, पेढे, खवा नको. दुग्धजन्य पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. बिबडे, ठेचा, शेवभाजीचा कोरडा मसाला चालतो. ताज्या फळांवर बंदी आहे, पण सवलतीच्या मोजक्या फळांत केळं आहे! (बॅगेत त्याचं शिकरण होईल, ते सोडा.) चार्जरचा पातळ दोन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटात बसतो, जर्मन पद्धतीचा जाड गोल प्लग बसत नाही.

स्वित्झर्लंडसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. मेच्या गर्दीत १५ दिवसांची किमान मुदत धरून चालू नये, फेब्रुवारीतच भेटीची वेळ घ्यावी. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी असलेला लागतो. पुढच्या यादीत प्रत्येक स्थळापुढे चालू-बंदचे महिने छापले, तर हा अर्ज कुठल्या तारखांचा करायचा हे वाचकांना वेळेत ठरवता येईल.

– एक वाचक, जळगाव