नळी उघडली, पण रक्त पुढे सरकलं नाही: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सविनय नमस्कार.

मी सिंधुदुर्गातली सेवानिवृत्त अधिपरिचारिका. नोकरीत असताना मंत्र्यांना पत्र लिहायची सोय नव्हती. आता आहे, म्हणून लिहिते. हार्ट अटॅकच्या रुग्णाला तालुक्यातच वेळेवर इंजेक्शन मिळावं, एवढंच मागणं आहे.

गेल्या पावसाळ्यात पहाटे सव्वापाचला माझे भाऊजी ओटीवर येऊन बसले. "छातीत दडपल्यासारखा वाटता," एवढंच म्हणाले. सदरा घामाने निथळत होता. गॅस झाला असेल म्हणून बहीण सोडा ढवळत होती. मी ग्लास बाजूला ठेवला आणि रिक्षा बोलावली. सहाला आम्ही तालुक्याच्या रुग्णालयात. ईसीजीच्या मशीनमधला कागद संपलेला, नवा रोल कपाटात, कपाटाची चावी घरी गेलेल्या सिस्टरकडे. पट्टी हातात आली तेव्हा सात वाजले होते. हार्ट अटॅकची खूण असलेला एसटी सेगमेंट, म्हणजे आलेखातला एक भाग, असा चढलेला, की शिकाऊ मुलीलाही कळावं. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी ॲस्पिरिन चघळायला दिली आणि म्हणाले, "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आपल्याकडे नाही. बांबोळीला न्या." बांबोळी म्हणजे गोव्यातलं मोठं सरकारी रुग्णालय. मोठं दुखणं म्हणजे गोवा, हे आमच्याकडे ठरलेलंच. तिथे हृदयाची बंद पडलेली नळी उघडली तेव्हा साडेदहा झाले होते.

नंतर तिथल्या डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी जाळी, बसलेला, मोठी नळी मोकळी, पण डाय, म्हणजे एक्स-रेत रक्ताची वाट दाखवणारं औषध, पुढे जाऊन जिथल्या तिथे रेंगाळत होता. याला 'नो-रिफ्लो' म्हणतात. रक्त थांबलं की हृदयाच्या स्नायूबरोबर बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तरही सुजतं. उशिरा रक्त सोडलं की सुजलेल्या पेशी, गुठळीचे कण, पांढऱ्या पेशी मिळून त्या केसाहून बारीक वाटा बुजवतात. परत आलेला प्राणवायूसुद्धा अस्तराला इजा करतो. बागायतदाराला हे लगेच समजेल: पाट दुरुस्त केला, पण आळ्यापर्यंतच्या सऱ्या गाळाने भरल्या, तर माडाला पाणी कुठून मिळणार? भाऊजींचं ईएफ, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद, 30 टक्क्यांवर आलं आहे. काजूच्या बागेपर्यंतही एका दमात जाववत नाही.

या बारीक वाहिन्या वाचवायला जगाने कमी खटाटोप केलेला नाही. 1986 साली कुत्र्यांवरच्या प्रयोगात दिसलं, की आधी पाच-पाच मिनिटं रक्त थांबवून सोडलं, तर पुढच्या मोठ्या अडथळ्यात हृदयाचं नुकसान पुष्कळ कमी होतं. मग माणसाच्या दंडाला बीपीचा पट्टा आवळून-सोडून तोच परिणाम साधेल का, हे युरोपात 5 हजारांहून अधिक रुग्णांवर पाहिलं. 2019 मध्ये उत्तर आलं: फायदा नाही. सायक्लोस्पोरिन नावाचं औषधही 2015 मध्ये फसलं. राहतं एकच, रक्त लवकर सोडणं.

आपल्या महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टीचा खर्च मिळतो, ते चांगलंच आहे. पण स्टेंट मोठ्या नळीत बसतो. त्याआधीच्या तासांत बारीक नळ्या मरतात, आणि त्या तासांसाठी आमच्या तालुक्यात काही नाही. दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर आधी इंजेक्शन द्यावं, हे डॉक्टरांच्या पुस्तकातच आहे. पलीकडे गोव्यात 'स्टेमी गोवा' प्रकल्पात आरोग्य केंद्रातला ईसीजी बांबोळीच्या तज्ज्ञांकडे जातो आणि टेनेक्टेप्लेज, म्हणजे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, तिथेच, फुकट टोचतात. वजनाप्रमाणे मात्रा, शिरेतून एकदाच. सलाईन लावून तासभर बसायला नको. केंद्राच्या 2022 च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे.

अडचणी मला ठाऊक आहेत. कुपी महाग, पडून राहिली तर मुदत संपते, मग ऑडिटचा कागद. शंभरात एखाद्याला मेंदूत रक्तस्राव होतो, आणि तसं झालं तर नातेवाईक ड्युटीवरच्या तरुण डॉक्टर पोराच्या अंगावर धावून जातात. म्हणून ते पोर "पुढे न्या" म्हणतं. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या फोनवर हृदयतज्ज्ञ असू द्या आणि सही दोघांची असू द्या. मुदत जवळ आलेली कुपी मोठ्या रुग्णालयात पाठवून नवी आणता येते. आम्ही लसींचं असंच करायचो.

तालुक्याच्या रुग्णालयात हे इंजेक्शन ठेवायचा तेवढा आदेश काढा. आणि ईसीजीच्या कागदाचं कपाट उघडं ठेवायला सांगा. कोणी चोरत नाही तो कागद.

आपली,
एक सेवानिवृत्त अधिपरिचारिका, सिंधुदुर्ग