हिरवी उलटी : सकाळची वाट पाहू नका

महोदय,
तान्ह्या बाळाने दूध उलटले तर ते पांढरे, दह्यासारखे असते. बहुधा काळजी नसते. उलटी पालकाच्या रसासारखी हिरवी झाली, तर मात्र आतडे अडले असेच धरून चालावे. पित्त आतड्यात उतरते त्या जागेच्या पुढे वाट बंद असते, म्हणून तो रंग. आतड्याला पीळ पडला असेल तर रक्तपुरवठा तुटून काही तासांत ते काळे पडते. सुरुवातीला पोट मऊच लागते. त्यावर फसू नये. जन्मानंतर २४ तासांत काळी चिकट शी न होणे, पोट फुगणे, हेही धोक्याचेच. नेमकी याच वेळी आपल्याकडे घुटी नाहीतर एरंडेल पुढे येते! तोंडाने काहीही देऊ नये.

चंदगड, गगनबावड्याहून बाळाला कोल्हापूरच्या रुग्णालयात पाठवताना तिथल्या डॉक्टर-परिचारिकांनी नाकातून ८ नंबरची नळी जठरात घालावी, तिचे तोंड पिशवीत उघडे ठेवावे आणि वाटेत सिरिंजने जठरातला द्रव अधूनमधून ओढावा. बूच लावलेल्या नळीचा उपयोग शून्य. सलाईन, टोपी, ऊब आणि रक्तातील साखरेची तपासणी हवीच. वर्षाच्या आतील आजारी बाळाला सरकारी योजनेत मोफत गाडी मिळते. निघण्यापूर्वी कोल्हापूरच्या रुग्णालयात बालशल्यचिकित्सक आहेत का, हे फोनवर विचारावे.

– नवजात शिशू कक्षातील परिचारिका, कोल्हापूर