नळावरचा पांढरा थर दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुम्ही वाघोली सोडून वाईला गेलात त्याला चार महिने झाले. फोनवर आभार मानायला गेलं की ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र उघडच लिहिते आहे. फिश टँक घ्यायच्या बेतात असलेल्या कुणाच्या नजरेस ते पडलं तर आणखी बरं.

लेकीच्या आठव्या वाढदिवसाला आम्ही दोन फुटी टँक आणला. खडी घातल्यावर त्यात जेमतेम ५० लिटर पाणी मावलं. दुकानात तिचं बोट जिकडे गेलं ते पिशवीत येत गेलं: दोन गोल्डफिश, तळहाताएवढे दोन एंजल, सहा निऑन टेट्रा, चार टायगर बार्ब आणि काच साफ ठेवतो म्हणून एक सकर. “सगळे एकत्र राहतात,” असं दुकानदाराने सांगितलं आणि आम्ही विश्वास ठेवला. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. आठवड्यात एक गोल्डफिश गेला, दुसऱ्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या, आणि निऑन मोजले तर चारच. लेक शाळेत जाताना टँककडे पाहिनाशी झाली.

तुम्ही सोसायटीची पावती द्यायला आलात तो त्यातलाच एक दिवस. चहाचा कप हातात तसाच ठेवून तुम्ही बराच वेळ टँकसमोर उभे राहिलात. मला वाटलं, आता औषधाचं नाव सांगाल. तुम्ही थेट स्वयंपाकघरात गेलात, सिंकच्या नळावरचा पांढरा थर नखाने खरवडलात आणि माझ्यासमोर धरलात. “आधी हे बघायचं, मग मासा बघायचा.”

आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी. दख्खनच्या काळ्या खडकातून येणारं, क्षारांनी भरलेलं, जड. निऑन ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातला. त्याला इथे आणून आम्ही रोज थोडं थोडं दमवत होतो. गप्पी, प्लॅटी, मॉली यांना मात्र हेच जड पाणी मानवतं. तीस वर्षं मलेरिया खात्यात डबे भरभरून गप्पी मासे विहिरींत आणि हौदांत सोडणाऱ्या माणसाने हे सांगितलं, तेव्हा ते मनात पक्कं बसलं. मासा निवडताना पाण्यापासून सुरुवात करायची, हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

त्या रात्री तुमच्या सांगण्यावरून आम्ही दिवे मालवले, अर्धा तास थांबलो आणि मोबाइलचा उजेड तिरका टाकून पाहिलं. एंजल जागचा हलत नव्हता, फक्त कल्ले उघडझाप करत होता. निऑन समोरून सरकला आणि क्षणात दिसेनासा झाला. एंजलच्या ओठांतून निळ्या रेघेचं टोक तेवढं बाहेर होतं. लेक रडली. तुम्ही तिच्याशेजारी जमिनीवर बसलात आणि म्हणालात, “तो वाईट नाही गं. तोंडात मावेल ते खाणं हा त्याचा स्वभाव. आपण त्याच्यापुढे ताट वाढून ठेवलं.” मी काहीही बोलले असते तरी तिला इतकं समजलं नसतं.

मग एकेकाचं तुम्ही उलगडून सांगितलंत. टायगर बार्ब आठ-दहा असले तर आपसांत पळापळी करण्यात गुंततात. चारच असले तर त्यांचा सगळा जोर शेजाऱ्याच्या लांब शेपटीवर. गोल्डफिशला १८ ते २२ अंशांचं गार पाणी बरं वाटतं, आणि आम्ही एंजलसाठी हीटर २७ वर लावलेला. शिवाय गोल्डफिश घाण इतकी करतो की ५० लिटरमध्ये जोडीसुद्धा जास्तच. बोटाएवढा सकर तर वाढून फूटभराच्याही पुढे जाणारा.

सकर तुळापूरच्या संगमावर भीमेत सोडून देऊ, असं हे म्हणाले तेव्हा तुमचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आपल्या नद्यांत माजतो. भीमेत सोडलेलं शेवटी उजनीत पोचतं, आणि तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो आधीच सापडतो आहे, हे तुम्ही सांगितलंत. मग आठ दिवस फोन फिरवून सहा फुटी टँकवाला माणूस शोधलात आणि बादली स्कूटरवर पायांत धरून सकर त्याच्याकडे पोचवलात. त्या बादलीबद्दल वेगळे आभार, काका. एंजल, बार्ब आणि उरलेल्या गोल्डफिशचीही सोय तुम्हीच लावलीत. उरलेले निऑन मात्र वाचले नाहीत.

रिकामा टँक बघवत नव्हता, तरी फिल्टर चालू ठेवून, रोज चिमूटभर खाद्य टाकायला लावून तुम्ही आम्हाला पाच आठवडे थांबवलंत. माशाच्या उत्सर्गातून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया होतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला इतका वेळ लागतो. लेक दर रविवारी थेंब टाकून पाणी तपासायची आणि रंग वहीत लिहायची. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय तुम्ही दुकानात यायला तयार नव्हता.

दुकानात तिने मिस केरळा मागितला. तांबड्या-काळ्या पट्ट्यांचा तो देखणा मासा पश्चिम घाटातला. त्याच्या प्रजातीला (जीनसला) २०१३ मध्ये ‘सह्याद्रिया’ नाव मिळालं, हे मी नंतर वाचलं. तुम्ही तिला नाही म्हणालात, पण कारण देऊन: तो सहा इंचांपर्यंत वाढतो, झुंडीने सुसाट पोहतो, त्याला चार फूट तरी लांबी हवी. तिने मान डोलावली.

शेवटी आले ते सहा झेब्रा डॅनिओ, पाच गप्पी आणि पाच कोरी म्हणजे मिशीवाले छोटे मासे, तेही एकदम नाही, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने. झेब्रा वरच्या पाण्यात, गप्पी मधे, कोरी तळाशी. गप्पी सगळे नर घ्यायला लावलेत, कारण एक मादी आली की महिन्या-महिन्याला पिल्लं. कोरीच्या मिशा टोकदार खडीने झिजतात म्हणून खडी काढून बारीक वाळू घातलीत. पहिल्याच संध्याकाळी एक कोरी सरळ वर येऊन तोंड बाहेर काढून परत खाली गेला आणि मी घाबरून तुम्हाला फोन केला. हवा गिळून आतड्यातून श्वास घेणं ही त्याची सवयच, असं तुम्ही सांगितलंत. अजूनही तो वर आला की लेक म्हणते, “आजोबांना फोन करू का?”

सोळाच्या सोळा मासे आज आहेत. झेब्रांची सकाळची शर्यत, वाळूत नाक खुपसणारे कोरी. वही दुसरी सुरू आहे.

परवा बी विंगमधल्या वहिनींनी विचारलं, “आम्हालाही टँक घ्यायचाय, कोणते मासे आणू?” मी त्यांच्या घरी गेले आणि आधी सिंकच्या नळावर नख घासून पाहिलं. दिवाळीत तुम्ही याल तेव्हा त्यांच्याकडेही चहाला जायचं ठरलंय.

आपली,
ए विंग, तिसऱ्या मजल्यावरची