अमेरिकेचा अध्यक्ष मतदानाच्या रात्री निवडला जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी निवडणुकीच्या बातम्यांत 'इलेक्टोरल कॉलेज'साठी, म्हणजे जनतेच्या मतदानातून ठरणाऱ्या आणि अध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणाऱ्या ५३८ निर्वाचकांसाठी, 'निर्वाचक मंडळ' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द चूक नाही, पण त्यामुळे आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचे चित्र डोळ्यांपुढे येते आणि घोटाळा होतो. आपल्याकडे निवडून आलेले आमदार-खासदारच मतदार असतात. अमेरिकेत संसदेच्या दोन सभागृहांचे (सिनेट आणि प्रतिनिधिगृह) सदस्य, म्हणजे सिनेटर व प्रतिनिधी, आणि केंद्र सरकारचे पदाधिकारी यांना निर्वाचक होण्यास राज्यघटनेचीच मनाई आहे. शिवाय हे ५३८ जण एकत्र कधीच जमत नाहीत. पन्नास राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन अशा ५१ ठिकाणी ते एकाच दिवशी मत देतात आणि तिथेच त्यांचे काम संपते.

राज्याच्या प्रतिनिधिगृहातील जागा अधिक सिनेटच्या दोन, एवढे त्याचे निर्वाचक. राजधानीला १९६१च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने तीन मिळाले. या साध्या बेरजेत गुलामगिरीचा हिशेब दडलेला होता, तो सहसा सांगितला जात नाही. लोकसंख्येवरून प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना गुलामांची तीन पंचमांश संख्या धरली जाई, मत मात्र त्यांना नव्हते. १७९०च्या जनगणनेत व्हर्जिनियात सुमारे साडेचार लाख आणि पेनसिल्वेनियात सुमारे ४ लाख ३० हजार स्वतंत्र माणसे होती. तरी १८००च्या निवडणुकीत व्हर्जिनियाला २१ निर्वाचक आणि पेनसिल्वेनियाला १५!

त्याच निवडणुकीत यंत्रणा अडकली. प्रत्येक निर्वाचक दोन मते देई, पण कोणते अध्यक्षाचे आणि कोणते उपाध्यक्षाचे हे वेगळे लिहायची सोय नव्हती. एकाच पक्षाचे जेफरसन आणि बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली. बरोबरी झाल्याने निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि त्याला फेब्रुवारी १८०१ मध्ये ३६ वेळा मतदान घ्यावे लागले. त्यातून १८०४ची बारावी घटनादुरुस्ती आली आणि दोन्ही पदांच्या मतपत्रिका वेगळ्या झाल्या.

कोणालाच बहुमत, म्हणजे आज २७०, मिळाले नाही तर निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते, आणि तिथे मत राज्यागणिक एकच. कॅलिफोर्नियाच्या ५२ प्रतिनिधींचे मिळून एक मत, वायोमिंगच्या एकट्या प्रतिनिधीचेही एक. जिंकायला २६ राज्ये लागतात. राजधानीला इथे मत नाही. १८२४ मध्ये जॅक्सन यांना ९९ आणि अ‍ॅडम्स यांना ८४ निर्वाचक मते होती, बहुमताला १३१ हवी होती. गृहात २४ पैकी १३ राज्ये मिळवून अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले.

दुसरी कमजोर जागा राज्यांकडून येणाऱ्या निकालाच्या प्रमाणपत्रांची. १८७६ मध्ये काही राज्यांतून परस्परविरोधी दोन-दोन निकालपत्रे आली. पंधरा जणांच्या आयोगाने वादग्रस्त मते आठ विरुद्ध सात अशी उमेदवार हेज यांच्या पदरात टाकली आणि ते १८५ विरुद्ध १८४ असे एका मताने जिंकले. अशा वादांसाठी १८८७ मध्ये केलेला कायदा इतका संदिग्ध होता की ६ जानेवारी २०२१ला, बायडन यांच्या विजयाची मोजणी रोखू पाहणाऱ्या ट्रम्प समर्थकांकडून, त्याच संदिग्धतेचा आधार घेण्यात आला. तेव्हा एक प्रतिनिधी आणि एक सिनेटर यांची सही एखाद्या राज्याच्या मतांवरील आक्षेपाला पुरत होती. २०२२च्या दुरुस्तीनंतर दोन्ही सभागृहांच्या प्रत्येकी एक पंचमांश सदस्यांचा, म्हणजे सर्व जागा भरलेल्या असतील तर ८७ प्रतिनिधी आणि २० सिनेटरांचा, पाठिंबा लागतो. मोजणीच्या वेळी उपाध्यक्षाचे काम केवळ औपचारिक आहे, हेही कायद्यात स्पष्ट लिहिले गेले.

म्हणून विनंती अशी, की २०२८च्या निवडणुकीत आपण निकालाच्या नकाशाबरोबर पुढच्या तारखाही छापाव्यात. ७ नोव्हेंबरला जनतेचे मतदान. १३ डिसेंबरपर्यंत राज्यांनी निर्वाचकांचे प्रमाणपत्र द्यायचे. १९ डिसेंबरला निर्वाचकांचे मतदान. ६ जानेवारीला संसदेच्या संयुक्त बैठकीत मोजणी आणि २० जानेवारीला शपथविधी. 'राज्याची सर्व निर्वाचक मते विजेत्याला' असे सरसकट लिहिताना मेन आणि नेब्रास्का वगळावेत. तिथे दोन मते राज्यभरच्या विजेत्याला आणि उरलेली मतदारसंघनिहाय दिली जातात.

आपला,
राज्यशास्त्राचा एक अध्यापक, सांगली