पहिले जहाज लागण्याआधी वाढवणचे पाणी तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डहाणूजवळ होऊ घातलेल्या वाढवण बंदरावरची चर्चा भराव, मासेमारीची हद्द आणि नुकसानभरपाई यांभोवतीच फिरते. जहाजांबरोबर येणाऱ्या परक्या जिवांचा विषय कुणी काढत नाही, म्हणून हे पत्र.

रिकामे जहाज तोल राखण्यासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेते आणि माल चढवताना ते दुसऱ्या बंदरात सोडते. त्यातून तिथल्या जिवांच्या अळ्या येतात. काही जीव तर जहाजाच्या बुडाला चिकटूनच येतात. अमेरिका खंडातला 'मायटेला स्ट्रिगाटा' हा शिंपला केरळच्या अष्टमुडीत आणि चेन्नईजवळच्या पुलिकत-एन्नोर भागात असाच आला असावा, असे मानतात. तळावर त्याची सतरंजी पसरली की कोळंबी मिळत नाही, अशी तिथल्या मच्छीमारांची तक्रार आहे. त्याच्या कवचाचा रंग काळा, तपकिरी, हिरवट असा कसाही असतो. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी ओळख पटणे अवघड; डीएनएची तपासणी करावी लागते.

हीच तपासणी आता जीव हाती न लागताही होऊ शकते. प्रत्येक प्राणी पाण्यात पेशी, अंगावरचा चिकट स्राव, विष्ठा सोडत असतो. एक-दोन लिटर पाणी गाळून त्यातला डीएनए वाचला की कोण वावरले ते कळते. मात्र डीएनए मेलेल्या अळीचाही असू शकतो, आणि तो प्रवाहाबरोबर लांबूनही येतो. खूण मिळाली की पाणबुड्याने खाली उतरून खात्री करायलाच हवी. शिवाय जुळवून पाहायला आपल्या किनाऱ्यावरच्या प्रजातींचे नमुने नोंदलेले नसतील, तर यंत्र कितीही महागडे असो, उपयोग नाही.

लवकर कळल्याने काय साधते, ते ऑस्ट्रेलियातल्या डार्विनने दाखवले. मार्च १९९९ मध्ये तिथल्या मरीनांत, म्हणजे छोट्या बोटी लावायच्या गोद्यांत, काळ्या पट्ट्यांचा 'मायटिलॉप्सिस सालेई' हा शिंपला सापडला. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो नव्हता. मरीना बंद करून पाण्यात क्लोरीन आणि कॉपर सल्फेट ओतले आणि तो समूळ नष्ट केला. हे जमले, कारण मरीनांना समुद्राचे पाणी अडवणारे दरवाजे होते आणि सरकारने वेळ दवडला नाही. हाच शिंपला मुंबई बंदरात १९७० च्या दशकापासून आहे, आणि तिथून त्याला आता कोण काढणार!

मुंबई बंदरातल्या जिवांची पाहणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला केली. पण तोवर त्या बंदरात शंभराहून अधिक वर्षे जगभरची जहाजे येऊन गेली होती. मूळचे कोण आणि उपरे कोण, हे ठरवायचे तरी कसे? वाढवणला अजून एकही मालवाहू जहाज लागलेले नाही. ही संधी एकदाच मिळते.

जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यावर प्रक्रिया करण्याचा आंतरराष्ट्रीय करार सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे, हे खरे. पण बुडाला चिकटून येणाऱ्यांना तो लागू होत नाही. तेव्हा हे बंदर बांधणाऱ्या जेएनपीए (जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण) आणि महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाने स्वतःच्या खर्चाने, निदान वर्षाच्या सगळ्या ऋतूंत, वाढवण, वरोर आणि धाकटी डहाणूच्या पाण्याचे नमुने आत्ताच घ्यावेत आणि बंदर सुरू झाल्यावरही ते थांबवू नयेत. निकाल मच्छीमार सोसायट्यांना मराठीत मिळावेत. आणि नको ती खूण सापडली, तर कोणता अधिकारी किती तासांत काय करणार, हे आधीच लिहून ठेवावे. त्याविना ही तपासणी म्हणजे फायलीतला आणखी एक कागद.

आपली,
एक वाचक, डहाणू