केअरटेकर पुरवणाऱ्या ब्युरोंना नियम लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डोंबिवली, ठाणे, पुणे, नाशिक कुठेही बघा, लाईटच्या खांबावर नाहीतर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "पेशंट सांभाळायला बाई किंवा मामा मिळतील, 12 तास / 24 तास" अशी जाहिरात असतेच. कितीतरी घरं आज याच माणसांच्या जिवावर चालली आहेत, आमचंही त्यातलंच, त्यामुळे माझी तक्रार या मावशींविरुद्ध अजिबात नाही. त्यांना पाठवणाऱ्या ब्युरोंना कुणी विचारणारंच नाही, तक्रार त्याबद्दल आहे.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि गिळायचाही त्रास सुरू झाला. डिस्चार्जच्या वेळी नर्सने नीट समजावलं होतं की भरवताना पूर्ण बसवायचं, हनुवटी थोडी खाली, पातळ चहा पाणी तसंच द्यायचं नाही, घट्ट करून द्यायचं, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. पहिल्या मावशी साताऱ्याकडच्या, आधी हॉस्पिटलमध्ये काम केलेल्या. दर दोन तासांनी त्या अण्णांची कूस बदलायच्या आणि कधी बदलली ते औषधाच्या बिलाच्या पाठीमागे लिहून ठेवायच्या, त्यांच्या काळात अण्णांच्या पाठीला साधी लाली आली नाही. त्या गावी गेल्या तेव्हा ब्युरोने रिप्लेसमेंट म्हणून जी मुलगी पाठवली ती बिचारी अण्णांना आडवं ठेवूनच चमच्याने चहा पाजत होती, अण्णांना ठसका लागला, चेहरा लालबुंद, मी धावत जाऊन त्यांना उठवून बसवलं. नंतर शांतपणे विचारलं तर म्हणाली ताई मला कुणी शिकवलंच नाही, मी आधी पोळ्या करायचे. तिचा काय दोष? ब्युरोवाल्याला फोन केला तर म्हणे मॅडम पोलीस व्हेरिफिकेशन झालंय, आधार कार्ड पाठवतो. अहो पण पोलीस व्हेरिफिकेशनने चोरी टळेल, बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, कशी टळणार?

शिवाय आम्ही महिन्याला जे पैसे देतो त्यातले त्या बाईच्या हातात किती पडतात हे आम्हालाही कळत नाही, लेखी काहीच नसतं. 24 तास ड्युटी म्हणजे रात्री तीनदा उठायचं, सकाळी परत उभं राहायचं, आठवड्याची सुट्टी नाही, घेतली तर खाडा. अशी थकलेली बाई पेशंटला बेडवरून खुर्चीत घेताना पाडेल नाहीतर स्वतःची कंबर मोडून घेईल.

सरकारला हे माहीत नाही असंही नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रमाची तरतूद आहे, पण घरी राहणाऱ्यांच्या अशा सेवेबद्दल काही नाही. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं, त्यात घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि ट्रेनिंग घेतलेलाच स्टाफ ठेवायचा अशी तरतूद होती, ते समितीकडे गेलं, पडून राहिलं आणि 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झालं. 70 वर्षांपुढच्यांना आयुष्मान कार्डावर 5 लाखांचे उपचार मिळतात ही चांगलीच गोष्ट आहे, पण ते हॉस्पिटलात ॲडमिट झाल्यावर आणि डिस्चार्जनंतर फार तर 15 दिवस. पुढे जो माणूस वर्षानुवर्षं अंथरुणावर असतो त्याचा डायपर, एअर मॅट्रेस, केअरटेकरचा पगार सगळं घरच्यांच्या खिशातून. केरळने 2008 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारी पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचं धोरण केलं, तिथे पंचायतीमार्फत नर्स घरी येऊन अंथरुणावरच्या पेशंटला बघून जाते. आपल्याकडे महापालिकांना हे का जमू नये?

दिल्लीत परत विधेयक येईल तेव्हा येईल, तोवर राज्याने आपले नियम करावेत. जनरल ड्युटी असिस्टंट, होम हेल्थ एड असे कोर्स स्किल इंडियात आहेतच, ते केल्याशिवाय किंवा निदान कूस बदलणं, भरवणं, उचलणं, कॅथेटरची (लघवीच्या नळीची) स्वच्छता एवढं शिकवल्याशिवाय कुणालाही अंथरुणावरच्या पेशंटकडे पाठवू नये. ब्युरोने घरच्यांना आणि केअरटेकरला दोघांनाही लेखी कागद द्यावा, त्यात पगार, कमिशन, झोपेचे तास, सुट्टी सगळं स्पष्ट असावं. कोर्सची फी मात्र या बायकांकडून घेऊ नका, त्यांना ती परवडणार नाही आणि मग सर्टिफिकेट विकत घ्यायचा धंदा सुरू होईल. आणि नोंदणी झालेल्या ब्युरोंची यादी प्रत्येक वॉर्ड ऑफिसात लावा, तक्रारीच्या नंबरसकट, म्हणजे डिस्चार्जच्या दिवशी घाबरलेल्या माणसाला खांबावरचे फोन नंबर फिरवत बसायला लागणार नाही.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)